एल्विसचा १९६८चा टीव्ही-जलसा: आहे तसा पाहायचा की 'फोर-के' करून?

रीळवाला

कालच्या धाग्यात मोठा_पडदा यांनी लिहिलं होतं की गायकांचे जुने टीव्ही-जलसे म्हणजे निव्वळ स्मरणरंजन. चित्र धूसर, आवाज एका स्पीकरमधला, तेव्हा पाहायचेच तर नेटवर एआयने फोर-के करून टाकलेले पाहावेत. उदाहरणादाखल त्यांनी एल्विस प्रेस्लीचा एनबीसी या अमेरिकी वाहिनीवरचा १९६८चा कार्यक्रम दिला होता. प्रतिसाद लांबला, म्हणून वेगळा धागा.

आधी स्मरणरंजनाचं बोलू. कार्यक्रम दाखवला गेला ३ डिसेंबर १९६८ ला, अमेरिकेत. तेव्हा भारतात टीव्ही होता तो फक्त दिल्लीत. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपल्यापैकी कोणाच्याही लहानपणात हा कार्यक्रम नाही, तरी इथली माणसं तो शोधून शोधून पाहतात. ही ओढ आठवणींची नाही, समोर जे दिसतं त्याची आहे.

काय दिसतं? बॉक्सिंगच्या रिंगणाएवढा चौकोनी मंच, चारही बाजूंना हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ प्रेक्षक. काळ्या चामड्याच्या कपड्यांतला एल्विस खुर्चीवर बसलेला. शेजारी जुना साथीदार स्कॉटी मूर. डी. जे. फोंटाना हा ढोलवादक, पण त्याच्यापुढे ढोल नाहीतच. तो गिटारच्या पेटीवर काड्या मारतोय. बेस वाजवणारा कोणी नाही. मध्येच एल्विस आपली साधी गिटार देऊन स्कॉटीची इलेक्ट्रिक गिटार घेतो आणि तिथून सगळ्या गाण्यांचा रंगढंग बदलतो, कारण आता ठेका त्याच्या उजव्या मनगटातून येतोय. त्याला उठून गायचं असतं, तर गिटारला पट्टाच नाही.

मार्च १९६१ मधल्या पर्ल हार्बरच्या मदतनिधी कार्यक्रमानंतर हा माणूस थेट प्रेक्षकांपुढे गायलाच नव्हता. सात वर्षं सिनेमे केले. २७ जून १९६८ ला बरबँकच्या स्टुडिओत तो त्या मंचावर येतो तेव्हा सुरुवातीला त्याचा हात थरथरताना दिसतो. ती थरथर मूळ टेपेत आहे. एआयच्या प्रतीत नाही. का नाही, ते खाली सविस्तर लिहीन.

---

मोठा_पडदा

माझं म्हणणं अर्धंच उचललंत. मी म्हणालो होतो की *टीव्हीसाठी* केलेले जलसे हे मुळात जलसे नव्हतेच, ते जाहिरातदाराचे कार्यक्रम होते. १९६८च्या कार्यक्रमाच्या नावातच सिंगर शिलाई मशीन कंपनी आहे. तुम्ही खुर्चीवर बसून गायलेल्या ज्या बैठकीबद्दल इतकं लिहिलंत, ती मूळ तासाभरात थोडीशीच होती. बाकी बराच भाग सेट, नर्तक आणि साथसंगत आधीच स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेली गाणी. अख्खी पहिली बैठक लोकांना दिसली १९८५ साली, एचबीओवर. म्हणजे तुम्ही ज्याच्या प्रेमात आहात तो टीव्ही-जलसा नाही, त्यातून वगळलेला ऐवज आहे.

खरा जलसा पाहायचा तर १९७० ची एमजीएमची लास वेगासवाली फिल्म पाहा, 'दॅट्स द वे इट इज'. ३५ मिमी पॅनाव्हिजन, छायाचित्रण ल्युसियन बॅलार्ड. मागे जेम्स बर्टनची गिटार, रॉनी टटचे ड्रम्स. त्या निगेटिव्हमधून आजही फोर-के निघतं, खोटं काही करावं लागत नाही. टीव्हीच्या टेपेत तेवढा तपशील नव्हताच, मग यंत्राने भर घातली तर बिघडलं काय?

---

बोरीबंदर

जाहिरातदाराच्या मुद्द्याला +१. आणि या जलशांभोवती जो फुगवटा आहे त्यावर कोणी का बोलत नाही? 'अलोहा फ्रॉम हवाई' घ्या. १४ जानेवारी १९७३, होनोलुलू, स्थानिक वेळ रात्री साडेबारा, उपग्रहावरून थेट. पन्नास वर्षं ऐकतोय की शंभर कोटी लोकांनी पाहिला. कोणी? थेट गेला तो जपान, दक्षिण कोरिया, फिलिपिन्स, थायलंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत. तान्ही पोरं धरून त्या सगळ्यांची तेव्हाची लोकसंख्या तीस कोटींच्या आत येते. चीन नाही, सोव्हिएत संघ नाही. भारतात तेव्हा दिल्ली आणि तीन महिन्यांची मुंबई एवढीच केंद्रं, तीही यात नाहीत. खुद्द अमेरिकेने तो ४ एप्रिलला पाहिला, तोही प्रेक्षक घरी गेल्यावर चित्रित केलेली जादा गाणी घालून. हा आकडा अजूनही प्रत्येक लेखात जसाच्या तसा येतो याचा संताप होतो.

---

रीळवाला

बोरीबंदर, आकड्याबद्दल वाद नाही. पण आकडा खोटा म्हणून गाणं खोटं ठरत नाही. तिकिटाला ठरावीक किंमत नव्हती, ज्याने त्याने जमेल ते द्यायचं होतं, आणि कुई ली कर्करोग निधीला ७५,००० डॉलर गेले. हेही त्याच कार्यक्रमाचं.

मोठा_पडदा, फिल्मचं म्हणाल तर तिची अडचण तुम्ही सोडूनच दिलीत. ३५ मिमीचं १,००० फुटांचं मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याचा फिल्मचा डबा, २४ फ्रेमच्या वेगाने जेमतेम ११ मिनिटं चालतं. खांद्यावरच्या कॅमेऱ्याला ४०० फुटांचं लावलं तर साडेचार मिनिटं. मग कॅमेरे आळीपाळीने भरायचे, एखाद्या गाण्याच्या मध्यावर नेमका जवळचा कॅमेरा रिकामा होतो, आणि संकलनात दुसऱ्या रात्रीचा तुकडा जोडला जातो. १९७० च्या फिल्ममध्ये अनेक रात्री मिसळल्या आहेत. २००१ साली ती नव्याने संकलित झाली तेव्हा गाणीही बदलली.

टीव्हीच्या दोन इंची व्हिडिओ टेपेचं तसं नाही. सेकंदाला १५ इंच, ४,८०० फुटांचं रीळ, सलग ६४ मिनिटं. अख्खी बैठक एका दमात, चुकलेल्या सुरुवाती, मधल्या गप्पा, तेच एक गाणं पुन्हा पुन्हा उचलणं, सगळं जागच्या जागी. गायक कधी तापला आणि कधी दमला हे त्यातून कळतं. १९६८ साली प्रसारणात काय कापलं याचा दोष टेपेला कशाला?

---

मोठा_पडदा

बरं, सलगपणाचा मुद्दा घेतो. चित्राचा नाही.

---

काळी_चार

चित्रावर इतकं भांडताय, आवाजाकडे कोणाचं लक्ष नाही. त्या १९७० च्या फिल्मची पाल (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत) डीव्हीडी ज्यांच्याकडे आहे त्यांनी तंबोऱ्याचं ॲप लावून बघा. २४ फ्रेमची फिल्म पालसाठी २५ ने पळवतात. वेग ४ टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो आणि सूर सुमारे ०.७ अर्धस्वर चढतो. काळी एक मधलं गाणं पांढरी दोनच्या उंबऱ्यावर जाऊन बसतं. ना इकडचं ना तिकडचं. १०० मिनिटांची फिल्म ९६ मिनिटांत संपते. एल्विसच्या खर्जाची जी गोलाई आहे ती यात पातळ होते, आणि हे ऐकून लोक म्हणतात सत्तर साली आवाज हलका झाला होता!

दुरुस्ती सोपी आहे. नुसता टेम्पो कमी करू नका, त्याने सूर तसाच चढा राहतो. ४८,००० चा ध्वनी ४६,०८० समजून वाजवायचा आणि मग पुन्हा ४८,००० वर आणायचा. म्हणजे सूर आणि लय दोन्ही एकदम खाली येतात. चित्र २५ वरून २४ वर. काही डीव्हीडींत सूर आधीच सुधारलेला असतो, म्हणून आधी माहीत असलेल्या पट्टीशी ताडून पाहा, मगच हात लावा.

---

पांथस्थ

१९६८ च्या बैठकीच्या पाल प्रतीलाही हेच लागू आहे ना? तिथेही आवाज चढाच वाटतो.

---

काळी_चार

नाही. आणि हेच दरवेळी एकत्र कालवलं जातं. बैठक फिल्मवर नाही, व्हिडिओ टेपवर आहे, सेकंदाला साधारण ६० फील्ड, म्हणजे अर्ध्या फ्रेमा. पाल करताना ६० ची ५० करतात, लांबी तेवढीच राहते, सूर हलत नाही. हलतं ते चित्र. फील्ड एकमेकांत मिसळून टाकतात, त्यामुळे हात झटकला की त्याच्या मागे फिकट दुसरा हात. आवाज चढा 'वाटतो' म्हणून दुरुस्त करायला जाल तर चांगला सूर बिघडवाल. मोजा, मग बोला.

---

पांथस्थ

जरा सबुरीने. प्रश्न विचारला होता, फतवा काढला नव्हता.

---

रीळवाला

काळी_चार यांनी बरोबर जागी बोट ठेवलं, आता एआयच्या प्रतीवर येतो.

एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीत, ५२५ रेषा, दिसणाऱ्या साधारण ४८०. त्यातल्या विषम रेषा एका क्षणी, सम रेषा १/६० सेकंदाने नंतर. म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळे क्षण आहेत. नेटवर चढवणारे बहुतेक लोक दोन्ही एकत्र करून ३० फ्रेम करतात आणि अर्धी हालचाल फेकून देतात. फोंटानाच्या काड्या, एल्विसचा डावा गुडघा, ती हाताची थरथर, सगळं त्या फेकलेल्या अर्ध्यात आहे. उरलेल्याला यंत्र 'स्वच्छ' करतं, म्हणजे लागोपाठच्या फ्रेमांची सरासरी काढतं. थरथर त्याला दाणे, म्हणजे चित्रातली खरखर, वाटते. घाम दाणे वाटतो. चामड्याच्या सुरकुत्यांवरची चमक सपाट होऊन रेक्झिन होतं.

मोठा_पडदा, तुम्ही विचारलंत, भर घातली तर बिघडलं काय. त्या सिग्नलची बँडविड्थ ४.२ मेगाहर्ट्झ, म्हणजे आडवा तपशील साधारण ३३० रेषांचा. रंगाला त्याहून कितीतरी कमी. यापलीकडे पापण्यांचे केस दिसत असतील तर ते एल्विसचे नाहीत.

आणि टेपेचे स्वतःचे दोषही यंत्राला कळत नाहीत. दोन इंची यंत्रात टेप वाचणारी चार हेड मिनिटाला १४,४०० फेरे घेतात आणि प्रत्येक हेड एका खेपेत सोळाएक रेषा वाचतं. चारांपैकी एक जरी जुळवणीत कमी पडलं तरी चेहऱ्यावर सोळा-सोळा रेषांचे आडवे पट्टे येतात, एक तांबूस, एक फिकट. हे मूळ टेप वाजवतानाच हेड जुळवून घालवायचं असतं. एआय त्या पट्ट्यांना कपाळावरची आठी समजून कोरून काढतं.

ज्यांच्याकडे २००४ ची एनटीएससी डीव्हीडी आहे त्यांनी असं करावं:

डिस्कवरून फाइल पुन्हा एन्कोड न करता जशीच्या तशी काढा. आकार बदलण्याआधी डीइंटरलेस करा, म्हणजे फील्ड सुट्या करून पूर्ण फ्रेमा बनवा. उलट केलंत तर कंगव्याचे दात चित्रात कायमचे बसतात. एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये बीडब्ल्यूडीआयएफ हा डीइंटरलेसचा फिल्टर, 'सेंड फील्ड' मोड, म्हणजे प्रत्येक फील्डची एक फ्रेम, ५९.९४. वेळ असेल आणि यंत्र दणकट असेल तर क्यूटीजीएमसी हा त्याच कामाचा पण हळू चालणारा फिल्टर, पण त्याचा दाणे घालवणारा भाग बंद ठेवून. फील्डचा क्रम तपासायचा तर काड्यांचा प्रसंग काढून एकेक फ्रेम पुढे न्या. काडी खाली, वर, पुन्हा खाली अशी उड्या मारत असेल तर क्रम उलटा धरला गेलाय. डीव्हीडी बहुधा वरची फील्ड आधी धरते, जुन्या डीव्ही टेपवरून आलेली फाइल खालची. मग ४:३ राखून १४४० बाय १०८०, लॅन्झॉस या आकार बदलण्याच्या साध्या गणिती रीतीने. सीआरएफ (एन्कोडिंगच्या दर्जाचा आकडा, लहान तितका चांगला) १६ ते १८. १६:९ करायला वर-खाली कापू नका, चित्राचा बरोबर चौथा हिस्सा जातो, आणि बैठकीत त्या खालच्या हिश्श्यातच गिटारवरचा हात आहे.

---

मोठा_पडदा

म्हणजे शेवटी तुम्हीही ४८० चं १०८० करताच! मग दोन दिवस मला कशाला झापताय?

---

रीळवाला

मोठं करण्याला माझा विरोध कधीच नव्हता. बहुतेक व्हिडिओ साइट्स ७२० च्या खाली ६० फ्रेम दाखवतच नाहीत, म्हणून मोठं करावंच लागतं. लॅन्झॉस आहे तेच पसरवतं. एआय नसलेलं घालतं. फरक एवढाच आणि तो मोठा आहे.

---

मोठा_पडदा

६० फ्रेमची तुमची रीत काल रात्री डिस्कवर करून पाहिली. हालचाल तुम्ही म्हणता तशी येते, हे मान्य करावं लागेल. फिल्मबद्दलचं मत तिळभर बदललेलं नाही.

---

तपकिरी_टेप

तुम्ही हेड आणि पट्टे मोजत बसलात कारण तुमच्याकडे टेप *आहे*. बाकीच्यांचं काय? दोन इंची टेप महाग, म्हणून कार्यक्रम झाला की पुसून दुसरा घ्यायचा, हा जगभरचा रिवाज. एनबीसीनेच जॉनी कार्सनच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचं न्यूयॉर्कमधल्या दहा वर्षांतलं बहुतेक सगळं पुसलं. बीबीसीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या गाण्यांच्या कार्यक्रमाचे साठच्या दशकातले भाग जवळजवळ संपले. बीटल्सनी १९६६ साली तिथे प्रत्यक्ष हजेरी लावली, त्याची टेप गेली आणि पुढे काय सापडलं, तर कोणीतरी घरच्या टीव्हीसमोर छोटा फिल्म कॅमेरा धरून घेतलेले मुके तुकडे.

आणि आपल्याकडे? लताबाई मार्च १९७४ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. आपण तो कार्यक्रम ओळखतो तो दोन एलपींवरून. एल्विसच्या एका तासावर पाच-पाच आवृत्त्या निघतात, आणि आपल्या सुगम संगीताचे टीव्हीवरचे कृष्णधवल कार्यक्रम कोणाच्या कपाटातल्या व्हीएचएसवर अडकलेत ते कोणी विचारत नाही. ज्यांच्याकडे असतील त्यांनी आधी कॅसेटला बुरशी आहे का ते बघा, खिडकीतून पांढरी भुकटी दिसते. असेल तर प्लेयरमध्ये घालू नका. हेडही जाईल आणि पुढच्या सगळ्या कॅसेटना लागण होईल. बुरशी नसेल तर आधी पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळा आणि पहिल्याच खेपेला रेकॉर्ड करत वाजवा. दुसरी खेप मिळेलच असं नाही.

---

बोरीबंदर

याच्याशी शंभर टक्के सहमत. या एका गोष्टीवर वेगळा धागा हवा.

---

पांथस्थ

अवांतर वाटेल, पण १९६८ चा दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडर याचं नाव घेतल्याशिवाय हा धागा संपू नये. त्याने १९६४ साली सँटा मोनिकात 'टॅमी शो' केला होता. टीव्हीपेक्षा जास्त रेषांचे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे आणि मग ते चित्र फिल्मवर, असा मधला मार्ग. त्यात जेम्स ब्राउन आहे. गुडघ्यांवर कोसळतो, खांद्यावर झूल टाकून त्याला नेऊ लागतात, तो ती झटकून पुन्हा माइककडे येतो. रोलिंग स्टोन्सना त्याच्यानंतर उभं राहावं लागलं. गायकाच्या जवळ जायचं, त्याला मध्येच तोडायचं नाही, ही बाइंडरची नजर तिथेच दिसते. एल्विसवर इतकं प्रेम करणाऱ्यांनी ज्यांच्या गाण्यावर तो उभा राहिला त्या काळ्या गायकांचेही जलसे याच बारकाईने पाहावेत, एवढंच मागणं आहे.

---

रीळवाला

पांथस्थ, मागणं रास्त आहे. बैठकीची कल्पनाही बाइंडरचीच. तालमीनंतर ड्रेसिंगरूममध्ये एल्विस आणि मित्र वाजवत बसायचे, ते बाइंडरला तिथेच चित्रित करायचं होतं. एल्विसचा मॅनेजर कर्नल पार्कर याने नकार दिला, म्हणून तेच मंचावर मांडलं. पार्करला तर नाताळची गाणी हवी होती. १९६८ च्या प्रसारणात नाताळचं एकच गाणं उरलं आणि १९६९ च्या उन्हाळ्यातल्या पुनर्प्रक्षेपणात तेही काढून बैठकीतलं दुसरं घातलं. तुमच्या प्रतीत कोणतं आहे ते पाहिलं की ती कोणत्या प्रसारणावरून आली ते लगेच कळतं.

---

काळी_चार

रीळवाला यांच्या कृतीत एक पायरी राहिली. एसडीचा, म्हणजे जुन्या ४८० रेषांच्या चित्राचा, रंग ६०१ या मानकाच्या गणिताने साठवलेला असतो, १०८० ची फाइल प्लेयर ७०९ या एचडीच्या मानकाची समजून उघडतो. नुसता आकार वाढवलात आणि रंगाचं रूपांतर केलं नाहीत तर लाल नारिंगीकडे सरकतो. शेवटच्या गाण्यात पांढऱ्या सुटामागे लाल दिव्यांची जी मोठी अक्षरं आहेत, तिथे तपासा. अक्षरं गाजरासारखी दिसली तर आकार बदलण्याच्या ओळीतच ६०१ वरून ७०९ हे रूपांतर घाला आणि फाइलवरची खूणही ७०९ ची करा. दोन्हींपैकी एकच केलंत तर काही प्लेयरमध्ये बरोबर आणि काहींत चूक दिसेल, आणि मग लोक टेपेला नावं ठेवतील.

---

मोठा_पडदा

आत्ता बघतोय, माझ्या फाइलमध्ये अक्षरं नारिंगीच आहेत. ती ओळ नेमकी कुठे घालायची, डीइंटरलेसच्या आधी की नंतर?

---

काळी_चार

नंतर. आधी फील्ड सुट्या करा, मग आकार आणि रंग एकाच फटक्यात.